स्तुतीची पोच

सरकारी कचेरीत साधा टपालाचा लखोटा आला तरी त्याची पोच देण्याची एक ठरलेली रीत असते. बारनिशीत नोंद होते, शिक्का बसतो, कारकुनाची तिरपी सही पडते आणि आपला कागद योग्य स्थळी पोचला अशी पाठविणाराची खात्री पटते. स्तुतीच्या बाबतीत असा बंदोबस्त आपल्या समाजाने केलेला नाही. स्तुती करावी कशी, याविषयी आपल्याकडे इतकी स्तोत्रे, अष्टके आणि सहस्रनामे आहेत की ती नुसती मोजावयाची म्हटली तरी एखाद्या विद्वानाचे पेन्शन सत्कारणी लागेल. परंतु ज्याची स्तुती चालली आहे त्याने त्या घटकेला तोंडाचे काय करावे, हात कोठे ठेवावेत, नजर भूमीकडे असावी की छताकडे, याविषयी एकाही ऋषीने एक अनुष्टुभ देखील खर्ची घातलेला नाही. देवांना ही अडचण भासली नसावी. त्यांची मुखमुद्रा मूर्तिकाराने आधीच कायम करून टाकलेली असते.

परिणामी, अंगावर आलेली स्तुती मराठी मनुष्य न फोडताच परत धाडतो. लुगडे सुरेख आहे म्हणावे, तर "जुनंच आहे हो, मागच्या दिवाळीचं." मुलगा पहिला आला म्हणून अभिनंदन करावे, तर "पेपर सोपे होते." वाडा ऐसपैस आहे म्हणावे, तर "पावसाळ्यात येऊन बघा, कसा गळतो तो." मोत्यासारखे अक्षर असलेले एक शिरस्तेदार माझ्या परिचयाचे होते, त्यांच्या अक्षराची कोणी वाखाणणी केली की ते ओशाळून "टाक बरा आहे" असे म्हणत आणि टाक पुढे करून दाखवीत. अर्थात परत धाडलेली ही स्तुती पुन्हा आपल्याच दाराशी आणून टाकली जावी, अशी प्रत्येकाची आतून अपेक्षा असते. एका सरळमार्गी गृहस्थांना हे ठाऊक नव्हते. "जुनंच आहे हो," असे त्यांच्या मेहुणीने म्हणताच ते निर्मळ मनाने "हो, तसं दिसतंच आहे," असे वदले, आणि पुढे घरात एक लग्नकार्य निघेपर्यंत उभय कुटुंबांचा पत्रव्यवहार बंद होता.

वऱ्हाडात हा प्रश्न एवढा तीव्र नाही, कारण तेथे मालाची आवकच बेताची. कपाशी कमरेएवढी वाढून बोंडे फुटली, सारे वावर चांदणे पडल्यासारखे पांढरे झाले, तरी धन्याला विचारावे तर तो बांधावर बसून तंबाखू मळीत म्हणणार, "बरं हाये यंदा." याच्या खालची पायरी "वाईट नाई", आणि वरची पायरी "जमलं" ही होय, "बम जमलं" हे उद्गार मनुष्याला सहसा त्याच्या तेराव्याच्या पंगतीत मिळतात आणि तेही वांग्याच्या भाजीला उद्देशून असण्याचा संभव असतो. आता गंमत अशी की, मराठी विनोदी लेखाचे मूळ गाव शोधीत गेल्यास ते याच मुलखात सापडते. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोला, खामगाव, जळगाव जामोद या टापूत वकिली करीत, आणि वऱ्हाडचे दप्तर मध्यप्रांताला जोडलेले असतानाच त्यांनी महाराष्ट्रगीत रचून शेजारच्या मुलखाची मुक्तकंठाने स्तुती केली. हद्दीबाहेरून आलेल्या त्या स्तुतीची पोच द्यावयास महाराष्ट्र राज्याला 1960 साल उजाडावे लागले. कोल्हटकर 1934 मध्येच वारले होते. पण कचेरीच्या कामात एवढा विलंब गृहीतच धरावा लागतो.

मजवर स्वतः ही पोच देण्याचा प्रसंग आला तो अशाच एका मुलखावेगळ्या मार्गाने. एके दिवशी सायंकाळी कौंडण्यपूरच्या बाजूच्या कोणा मंडळाचे दोन सभासद माझ्या घरी आले, पाणी प्याले, गूळ खाल्ला आणि म्हणाले, "साहेब, तुमचा सत्कार ठेवला आहे."

"माझा? कशाबद्दल?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "ते ठरवू ना आपण," त्यांतले वडीलधारे म्हणाले.

अशा प्रसंगी शिष्टाचाराला अनुसरून काही आढेवेढे घ्यावयाचे असतात, म्हणजे समोरच्या मंडळींना आग्रह करण्याची संधी मिळते. मी विनयपूर्वक म्हणालो, "छे, छे, मी कसला सत्काराला पात्र!"

"आमीबी तेच म्हटलं," धाकटे सभासद तत्काळ उत्तरले, "पण तारीख जाहीर झाली ना."

सावकाश उलगडा झाला तो असा: सत्कार मुळात कपाशीवरील किडीसंबंधी पुस्तक लिहिलेल्या एका शेतकी अधिकाऱ्याचा व्हावयाचा होता, त्यांची प्रकृती बिघडली; त्यांच्या जागी एक कीर्तनकार नेमले, तर त्यांच्या घरी लगीन निघाले; आणि हार, पेढे, मंडप, ध्वनिक्षेपक यांचे बयाणे देऊन चुकल्यामुळे आता कोणीतरी सत्कारमूर्ती हजर करणे मंडळाला प्राप्त होते. "तुमी रिकामेच असता असं समजलं," वडीलधारे म्हणाले. माझ्या वाङ्मयसेवेचा इतका नेमका गौरव त्यापूर्वी कोणी केला नव्हता.

'गाडी पाठवितो' असे आश्वासन होते. नेमल्या दिवशी दारापुढे जी उभी राहिली ती फटफटी होती. अमरावतीपासून कौंडण्यपूर चाळीसेक किलोमीटर. परीटघडीचे धोतर फटफटीच्या चाकापासून सावरीत हे अंतर काटणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले असेल त्याला सत्कार आणि सत्त्वपरीक्षा या दोन गोष्टींत फारसा भेद उरत नाही. कुऱ्ह्यावरून पुढे जाताना चालविणारा पोऱ्या मागे वळून मला म्हणाला, "घट्ट धरून बसजा हो काकाजी. सत्कारमूर्ती पडले तं मंडळाचं नाव जाईन." त्याने मागे वळून बोलू नये एवढीच माझी विनंती होती, परंतु ती वाऱ्याबरोबर तिवश्याकडे निघून गेली.

वर्धा नदी दिसली तेव्हा मात्र माझ्या मनाला थोडी उभारी आली. स्तुती हा विषय अभ्यासावयाचा तर कौंडण्यपूरसारखे क्षेत्र नाही. विदर्भाची ही प्राचीन राजधानी, भीमकाचे कुंडिनपूर, रुक्मिणीचे माहेर. 1968 मध्ये मो. गं. दीक्षितांचा येथील उत्खननाचा जो वृत्तांत प्रसिद्ध झाला त्यावरून या टेकाडांच्या पोटात सातवाहनांच्याही मागे जाणारे वस्तीचे थर असल्याचे दिसते. मणी निघाले, मडकी निघाली, खापरे तर उदंड निघाली. चौकटीत बसविलेले मानपत्र मात्र एकही निघाले नाही, आणि तरीही त्या लोकांनी इतकी शतके येथे सुखाने काढली याचे मला नवल वाटते.

भागवताच्या दशम स्कंधात सांगितले आहे की, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून कृष्णाची स्तुती ऐकूनच रुक्मिणीने त्याला मनोमन वरले. म्हणजे स्तुती कानाने ऐकून तिच्यावर थेट कारवाई केल्याचा हा दाखला. पुढे ज्येष्ठ बंधू रुक्मीने तिचे लग्न शिशुपालाशी ठरविले, तेव्हा तिने एका ब्राह्मणाकरवी द्वारकेस सात श्लोकांचे पत्र धाडले, आणि हे पत्र माझ्या मते प्रत्येक मानपत्र-लेखकाने सकाळी उठून वाचावे. त्यात आरंभी मोजकी स्तुती आहे, आणि मग एकदम कामाचा मजकूर: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, वधू नगराबाहेर अंबिकेच्या देवळात जाते, तेथून तिला न्यावे, म्हणजे घरच्या माणसांवर शस्त्र धरण्याची पाळी येणार नाही. असे स्वच्छ टिपण मी एखाद्या मामलेदाराच्या हातचेही पाहिलेले नाही. (ते अंबिकेचे देऊळ कौंडण्यपूरचे की अमरावतीचे, यावर दोन्ही गावांची कैफियत तयार असते, मी अमरावतीस असलो की अमरावतीचे मानतो आणि कौंडण्यपुरास असलो की कौंडण्यपूरचे.) आणि कृष्णाने पोच कशी दिली? "कसचं, कसचं" असे तो म्हणाला नाही. "मी तर निमित्तमात्र" असेही त्याने, निदान या प्रसंगी, म्हटले नाही. त्याने दारुकाला रथ जोडावयास सांगितले आणि एका रात्रीत तो विदर्भात दाखल झाला. स्तुतीला इतके तडकाफडकी उत्तर त्यानंतर कोणी दिल्याचे ऐकिवात नाही. उपवर मुली लग्न जुळावे म्हणून एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' वाचतात ते उगीच नव्हे.

परंतु सत्काराच्या शास्त्रात मला कृष्णापेक्षाही शिशुपाल अधिक महत्त्वाचा वाटतो. बिचारा नवरदेव म्हणून वाजतगाजत येथे आला आणि वधूवाचून परत गेला. पुढे धर्मराजाच्या राजसूय यज्ञात अग्रपूजेचा मान कोणाला द्यावा असा प्रश्न निघाला असता भीष्मांनी कृष्णाचे नाव सुचविले, सहदेवाने अर्घ्य दिले, आणि शिशुपाल भर सभेत उठून उभा राहिला. हा आचार्य नव्हे, ऋत्विज नव्हे, राजा नव्हे. मग याचा सत्कार कशासाठी? सत्कारसमारंभात मागल्या रांगेतून उठून हरकत घेणाऱ्या गृहस्थांची परंपरा येथून सुरू होते. हा शिशुपाल कृष्णाचा सख्खा आतेभाऊ होता हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. सत्काराला खरी हरकत नात्यातूनच येते. कृष्णाने त्याच्या आईला दिलेल्या वचनाप्रमाणे शंभर अपराध होईतो निमूटपणे ऐकून घेतले आणि मग सुदर्शन सोडले. आजच्या सत्कारमूर्तीपाशी सुदर्शन नसते. त्याच्यापाशी नारळ असतो, पण तो फेकण्याचा प्रघात नाही.

सभा पाचाची होती. पाहुणे सातास आले. तोवर मी व्यासपीठावरच्या एका खुर्चीत एकटा बसून होतो. या खुर्चीला तीनच पाय धड असल्यामुळे माझ्या बसण्याला आपोआप एक विनम्र झुकाव आला होता, आणि समोरची मुले माझ्याकडे मंडपातल्या सामानाची मोजदाद करावी तशी पाहत होती. पुढे स्वागत झाले, स्वागताबद्दल स्वागत करणाराचे स्वागत झाले, प्रास्ताविक झाले, आणि मग निवेदकाने घसा साफ करून मानपत्र हाती घेतले.

मानपत्र सुरेख छापलेले होते. माझे नाव जेथे होते तेथे कागदाची एक पट्टी डकविलेली दिसत होती. पट्टीखाली शेतकी अधिकारी होते. नाव तेवढे बदलले होते, मजकूर बदलण्यास वेळ मिळाला नव्हता. त्यामुळे ऊन, पाऊस, चिखल यांची तमा न बाळगता मी वावरावावरांतून हिंडलो असल्याचे, कपाशीच्या बोंडात शिरलेल्या अळीला मी तिच्या घरात गाठल्याचे, आणि 'कपाशीवरील कीड: लक्षणे व उपाय' हा माझा ग्रंथ घरोघर रामायणासारखा वाचला जात असल्याचे मला प्रथमच कळले. टाळ्या पडल्या. खरे सांगावयाचे तर मी लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकाला तशा टाळ्या पडलेल्या नाहीत.

त्या क्षणी मला देवगिरीचा राजा रामदेवराव यादव आठवला. नरेंद्र कवीने 'रुक्मिणीस्वयंवर' रचले ते ऐकून राजा इतका लुब्ध झाला की, या ग्रंथावर माझे नाव घाल, ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, असे त्याने सांगितले, अशी महानुभावांची आख्यायिका आहे. आणि आमच्या कविकुळाला बोल लागेल म्हणून नरेंद्राने ते नाकारले. यादवांच्या सम्राटाला सोने ओतूनही जी वस्तू मिळाली नाही ती, म्हणजे परक्याच्या ग्रंथाचे कर्तृत्व, मला येथे विनामूल्य आणि शालीसह मिळत होती. शाल मात्र उष्ण होती. महिना वैशाखाचा होता, आणि वऱ्हाडातल्या वैशाखात ज्याच्या खांद्यावर लोकरीची शाल घालतात त्याच्याविषयी मंडळाच्या मनात नेमके काय असते, याची शंका आल्याखेरीज राहत नाही. त्यावर हार पडला. हार तीन निरनिराळ्या पाहुण्यांच्या मापांचा मध्य साधून केलेला असावा. तो माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचला. मग एका हातात नारळ, दुसऱ्या हातात स्मृतिचिन्ह, काखेत मानपत्र अशा अवस्थेत नमस्कार करावयास सांगण्यात आले.

आणि मग उत्तराचे भाषण. या भाषणाचे पहिले वाक्य महाराष्ट्रात कायद्याने ठरविल्यासारखे एकच आहे, आणि मीही ते म्हणालो:

"मित्रहो, हा सत्कार माझा नसून..."

"मंग कोनाचा हाये?" मागल्या रांगेतून आवाज आला.

शिशुपाल उठून उभा राहिला होता. साठीचा, पागोटे किंचित तिरपे, खांद्यावर शेला. त्याच्या स्वरात उपहास तिळमात्र नव्हता. मनुष्य खरोखरच माहिती विचारीत होता.

"म्हणजे हा सत्कार तुमचा, गावकऱ्यांचा आहे," मी सावरण्याचा यत्न केला.

"आमचा हाये तं आमाले वर बोलवा ना, भाऊ. शाल तुमी काहून पांघरून बसले?"

मंडपात प्रथमच मनापासून हशा पिकला. अध्यक्षांनी घंटी वाजविली. मी पुढल्या वाक्याला हात घातला, ज्यात आपली योग्यता नसल्याचे निवेदन असते, तेव्हा तो वृद्ध खाली बसता बसता शेजाऱ्याला म्हणाला, आणि ध्वनिक्षेपक मजपाशी असूनही ते सर्वांना माझ्याहून स्पष्ट ऐकू गेले, "मानूस सच्चा दिसते."

सभा संपल्यावर माझ्याभोवती गर्दी लोटली. प्रत्येकाच्या हातात कपाशीचे एखादे पान नाही तर बोंड होते. "याच्यावर काय मारू जी?" "पानं कोकडून रायली." "पराटीले मावा लागला." मी विनोदी लेख लिहितो असे सांगून पाहिले. "असू द्या ना," एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "पन अळीचं सांगा." गर्दीतून बाहेर काढताना धाकट्या सभासदाने माझ्या खांद्यावरची शाल हळूच उतरवून घडी घातली. पुढच्या महिन्यात आणखी एक सत्कार होता. नारळ मात्र त्यांनी मला ठेवू दिला, कारण तो हलवून पाहिला असता आतून वाजत नव्हता.

रात्री टेकडीवरच्या देवळात गेलो. येथील रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते ती 1594 पासून, असे परंपरा सांगते. आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर येथे दहीहंडीचा सोहळा असतो तेव्हा पांडुरंग स्वतः सासुरवाडीस येतो, अशी श्रद्धा आहे. मूर्तीपुढे उभे राहिल्यावर मला जे दिसले ते इतकी वर्षे दिसूनही सुचले नव्हते. ज्याची स्तुती शतकानुशतके टाळमृदंगासह अव्याहत चालली आहे, त्या या जावयाने दोन्ही हात कमरेवर ठेवलेले आहेत! हात मोकळे नाहीत, म्हणून नारळ देता येत नाही; कोपर बाहेर, म्हणून शाल नीट बसत नाही; ओठ मिटलेले, म्हणून उत्तराचे भाषण नाही. 'हे माझे नसून वारकऱ्यांचे आहे' असे तो म्हणत नाही, आणि 'माझेच आहे' असेही म्हणत नाही. मी आजूबाजूस कोणी नाही असे पाहून नारळ खाली ठेवला आणि ती ढब करून पाहिली. पाठीमागून पुजारी म्हणाले, "कंबर धरली का? फटफटीनं आले वाटते."

जेवण वडीलधाऱ्या सभासदांच्या घरी होते. रोडगे केले होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, पापुद्रे सुटलेले, तुपात कुस्करावयाचे, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. पहिला घास घेतला आणि दिवसभरात प्रथमच कोणाची तरी मनापासून स्तुती करावी असे मला वाटले.

"वहिनी, रोडगे अप्रतिम झाले आहेत."

माझ्या शास्त्राप्रमाणे आता 'आज करपलेच जरा' असे उत्तर यावयास हवे होते. ते आले नाही. बाईंनी चुलीकडे पाहिले, पदर सारखा केला आणि माझ्या ताटात आणखी एक रोडगा ठेवून त्यावर तुपाची वाटी उपडी केली. मी भाजीची वाखाणणी केली. भाजी आली, आणि ती एकटी पडू नये म्हणून तिसरा रोडगा आला. वरणाविषयी मी फक्त मान हलविली, पण मान हलविल्याची देखील नोंद त्या घरात होत होती. शेवटी पंढरीनाथाचे स्मरण करून मी ओठ मिटले आणि स्वस्थ बसलो.

"आवडलं नाई वाटते भाऊले," बाई आत म्हणाल्या, आणि चौथा रोडगा घेऊन बाहेर आल्या. मी हात कमरेवर ठेवू गेलो, पण एव्हाना कंबर सापडेना.